पोलंडमधलं क्वोत्स्को : चार दिवसांत किल्ला, दगडी डोंगर आणि अस्वलगुहा कसं जमवावं?

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही चौघं नाशिकहून पोलंडला जातोय. व्रोत्स्वाफला बहीण शिकते, तिच्याकडे उतरून पुढचे चार दिवस क्वोत्स्को जिल्ह्यात घालवायचे आहेत. किल्ला, श्चेलिन्येत्सचा डोंगर, ब्वेंदने स्कावीचा दगडी चक्रव्यूह आणि क्लेत्नोची अस्वलगुहा एवढं तरी बघायचंय. मुक्काम एकाच ठिकाणी ठेवावा की बदलावा? वडील ६६ वर्षांचे आहेत. पांडवलेणीच्या पायऱ्या थांबत थांबत चढतात, उतरताना मात्र गुडघे दुखतात. आई शाकाहारी, अंडंही खात नाही. रेल्वेने जमेल की गाडी भाड्याने घ्यावीच लागेल? ज्यांना हा भाग नीट माहीत आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

कातळवाट

आधी उच्चाराचं सांगतो, स्टेशनवर उपयोगी पडेल. पोलिश पाट्यांवर एल अक्षराला तिरकी रेघ दिसली की ते 'व' म्हणायचं. म्हणून क्वोत्स्को आणि म्हणूनच व्रोत्स्वाफ. शहरात दोन स्टेशनं आहेत. क्वोत्स्को म्यास्तो जुन्या गावाला लागून आहे, क्वोत्स्को ग्वूव्ने लांब पडतं. ग्वूव्ने म्हणजे 'मुख्य', म्हणून लोक तिथंच उतरतात आणि सामान घेऊन पायपीट करतात. किल्ला बघायचा तर म्यास्तोलाच उतरा. व्रोत्स्वाफहून साधारण पावणेदोन तास लागतात.

मुक्काम एकच ठेवा आणि तो पोलानित्साला. नकाशावर कुदोवा हे गाव दगडी डोंगरांच्या जास्त जवळ दिसतं, पण अस्वलगुहा जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, आग्नेयेला आहे. कुदोव्याहून तिकडे जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस घाटरस्त्यात जातो. पोलानित्सा मधोमध आहे, रेल्वे आहे, आणि गाव सपाट असल्याने वडिलांना संध्याकाळी बागेत फिरता येईल.

या भागात अंतर फारसं आडवं येत नाही, वेळेची तिकिटं आडवी येतात. श्चेलिन्येत्सला दर तासाला ठराविकच माणसं सोडतात. ब्वेंदने स्कावीच्या वरच्या पार्किंगपर्यंतचा रस्ता एकाच गाडीपुरता रुंद आहे. त्यामुळे तासातला ठराविक वेळ वर जाणाऱ्यांचा, मग खाली येणाऱ्यांचा. ती वेळ चुकली की फाटकापाशी पुढच्या पाळीची वाट बघायची. दोन्ही ठिकाणांची तिकिटं ऑनलाइन काढून ठेवा आणि एका दिवशी दोन्ही करणार असाल तर मध्ये किमान तीन तास मोकळे सोडा. शनिवार-रविवार टाळा.

आता श्चेलिन्येत्स. उंची ९१९ मीटर. आकड्यावर जाऊ नका, आपल्या त्र्यंबकच्या डोंगरांपेक्षा तो बराच ठेंगणा आहे, पण तसा दगड आपल्याकडे नाही. आपला सह्याद्री म्हणजे थरावर थर साचलेला लाव्हा, काळा कातळ. हा वालुकाश्म आहे, क्रिटेशस काळातल्या, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या युगातल्या समुद्राच्या तळाशी साचलेली वाळू. दगडावर हात फिरवला की कण बोटांना लागतात. उभ्या भेगांत पाणी शिरलं, गोठलं, भेगा रुंदावल्या, आणि अशा हजारो वर्षांच्या कामातून त्या अरुंद गल्ल्या झाल्या. सगळ्यात खोल भेगेला प्येक्येव्को म्हणतात, म्हणजे 'छोटा नरक'. ऊन पोचत नाही म्हणून वसंतातही तिथं बर्फ टिकतो. सप्टेंबरमध्ये बर्फ नसेल, पण तळाशी उतरलात की अंगाला गारवा एकदम जाणवेल.

कार्वूफ गावापासून माथ्यावरच्या निवाऱ्यापर्यंत ६६५ पायऱ्या आहेत, अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रांझ पाबेल या गावकऱ्याने घडवून घेतलेल्या. पायऱ्या रुंद, बऱ्याचशा झाडांच्या सावलीतल्या, मध्ये बसायला बाकं. चढायला पाऊण तास धरा. निवाऱ्यापाशी चहा-सूप मिळतं आणि खाली सगळा प्रदेश दिसतो. तिथून पुढे तिकिटाचा भाग सुरू होतो. तो एकतर्फी आहे, आत शिरलात की मागे फिरता येत नाही.

नांदूरमध्यमेश्वर

कातळवाट यांचं बाकी सगळं पटलं, पण वडिलांना श्चेलिन्येत्सचा एकतर्फी भाग करायला लावू नका. चढण हा प्रश्नच नाही. त्या भागात भेगांतून उंच-नीच दगडी पायऱ्या, मधूनच लोखंडी आणि लाकडी जिने, आणि शेवटी वेगळ्या वाटेने सलग उतार. गुडघा दुखतो तो उतारावर, कारण प्रत्येक पावलाला सगळं वजन वाकलेल्या गुडघ्यावर येतं. पाऊस पडून गेला असेल तर लाकडावर शेवाळ असतं आणि पाय सटकतो. वडिलांनी निवाऱ्यापर्यंत जावं, तिथंच बसावं आणि आल्या वाटेने काठी टेकत सावकाश उतरावं. बाकीच्यांनी आतला फेरा करावा. फेऱ्याची वाट दुसरीकडून उतरते, तेव्हा खाली कार्वूफच्या पार्किंगजवळ भेटायची जागा आधीच ठरवून ठेवा.

ब्वेंदने स्कावी त्यांना जमेल. वरच्या पार्किंगपासून चक्रव्यूह लगेच सुरू होतो, चढउतार नाममात्र. अडचण वेगळी आहे. काही फटी इतक्या अरुंद आहेत की आडवं होऊन सरकावं लागतं, एकदोन ठिकाणी कंबरेत बरंच वाकावं लागतं. पाठीवरची मोठी बॅग गाडीतच ठेवा, नाहीतर ती काढून हातात धरूनच पुढे जावं लागेल. बंद जागेत घाबरायला होत असेल तर ही जागा सोडा.

हाच नियम क्वोत्स्कोच्या किल्ल्याला. वरचा भाग सगळ्यांसाठी आहे, तिथून गावाची लाल कौलं आणि नदी सुरेख दिसते. तळघरातली भुयारं मात्र गाइडबरोबर ठरलेल्या वेळीच बघता येतात आणि काही ठिकाणी छत इतकं खाली येतं की वाकूनच चालावं लागतं. वडिलांनी वरच थांबावं. तुम्ही मात्र भुयारं चुकवू नका. वेढा घालणारं सैन्य तटाखाली सुरुंग पेरायला खणत आलं की आतून त्यांच्या खालपर्यंत खणायचं आणि तेच उडवून द्यायचं, यासाठी ती खोदली. सुरुंगांच्या गोष्टी आपण गडकिल्ल्यांच्या संदर्भात ऐकतो, पण प्रतिसुरुंगांची एवढी मोठी व्यवस्था आत शिरून बघायला मिळणं दुर्मीळ. आजचं रूप मुख्यतः अठराव्या शतकातलं, प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या काळातलं आहे. किल्ल्याहून उतरताना संत यानचा जुना दगडी पूल लागतो, कठड्यांवर संतांचे पुतळे आहेत.

दगडूशेठनाका

अस्वलगुहेबद्दल लिहितो, कारण तिथं सगळ्यात जास्त लोक परत फिरतात. १९६६मध्ये क्लेत्नोच्या संगमरवराच्या खाणीत स्फोट करताना ती सापडली. आत हिमयुगातल्या गुहा-अस्वलांची हाडं निघाली, म्हणून हे नाव. प्रवेश फक्त आरक्षणाने, लहान गटात, गाइडबरोबर, सुमारे पाऊण तास. आठवड्यातले काही दिवस बंद असते, तेव्हा आधी गुहेची तारीख मिळवा आणि बाकीचे तीन दिवस तिच्याभोवती बसवा. उलटं केलंत तर जमणार नाही.

पार्किंग आणि गुहेचं दार यांत दीड किलोमीटरच्या आसपास चढाची वाट आहे. सामान्य चालीने पंचवीस मिनिटं, वडिलांसोबत चाळीस धरा. लोक तिकिटावरच्या वेळेला पार्किंगला पोचतात आणि तिथंच चुकतात, गट कोणासाठी थांबत नाही. वेळेच्या एक तास आधी गाडी लावलेली असावी. आत बारा महिने ६ अंश तापमान आणि हवेत जवळजवळ शंभर टक्के ओल. बाहेर वीस अंश असलं तरी स्वेटर आणि वर वारा अडवणारं जाकीट हवंच. छतातून थेंब पडतात, त्यामुळे नुसती शाल ओली होते. बूट रबरी तळाचे.

रस्त्याबद्दल एक. सप्टेंबर २०२४च्या पुरात स्त्रोन्ये श्लोंस्क्ये इथलं धरण फुटलं आणि लोंदेकसह त्या खोऱ्याचं फार नुकसान झालं. क्लेत्नोला जायचा रस्ता त्याच खोऱ्यातून जातो. पूल-रस्त्यांची कामं टप्प्याटप्प्याने होतात, म्हणून आदल्या संध्याकाळी फोनच्या नकाशावर वळणरस्ता तपासा. सलग दोनतीन दिवस मुसळधारेचा अंदाज असेल तर त्या दिवशी तिकडे जाऊ नका, तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील.

गाडी लागेलच. किल्ला आणि पोलानित्सा रेल्वेने होतं, पण कार्वूफ आणि क्लेत्नोच्या बस मोजक्या, त्याही हंगामानुसार बदलतात. आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधी आरटीओतून काढा आणि मूळ परवानाही सोबत ठेवा, दोन्ही लागतात. तिथं उजव्या बाजूने चालवायचं आणि दिवसाही दिवे लावलेले असावे लागतात. डोंगरात काही झालं तर ११२, किंवा पर्वतीय बचाव पथकाचा ९८५.

शेवभाजी

आईच्या जेवणाचं. प्येरोगी रुस्क्ये म्हणजे बटाटा आणि पनीरसारख्या त्वारुगचं सारण भरलेले उकडलेले करंजीसारखे तुकडे, सगळीकडे मिळतात. पण वरून डुकराच्या चरबीचे तळलेले कण टाकून देतात, त्यांना स्क्वार्की म्हणतात, आणि मेनूवर ते लिहिलेलं असेलच असं नाही. मागवताना "बेझ स्क्वारेक" म्हणा, म्हणजे स्क्वार्की नकोत. आवरणाच्या पिठात अंडं असू शकतं, तेव्हा "बेझ यायेक" विचारा. बटाट्याच्या धिरड्यांत, प्लात्स्कीत, अंडं बहुतेक असतंच. झुरेक सूप सोडूनच द्या, त्यात सॉसेज असतं. बीटचं लाल बार्श्च निरागस दिसतं, पण बऱ्याचदा मांसाच्या पाण्यात शिजवलेलं असतं. खात्रीचं म्हणजे साधा भात, उकडलेले बटाटे, मिझेरिया म्हणजे काकडीची कोशिंबीर आणि दही. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या आणि घरून मेतकूट, भाजणी, थोडी तूरडाळ न्या.

रविवारी बहुतेक मोठी दुकानं कायद्यानेच बंद असतात. शनिवारी दूध-भाजी भरून ठेवा.

पोलानित्सा आणि कुदोव्याला खनिज पाण्याचे पेयगृह आहेत. लोहाची चव असते, घोट घोट प्यायचं. वडिलांना रक्तदाबाची किंवा मूत्रपिंडाची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

गंगापूररोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार, गुहेची तारीख आधी धरतो. अजून एकच विचारायचं राहिलं. कुदोव्याजवळचं कवट्यांचं चॅपल आई-बाबांना दाखवावं का?

कातळवाट

आधी त्यांना नीट सांगा आणि मग त्यांनाच ठरवू द्या. १७७६पासून वात्स्वाफ तोमाशेक या धर्मगुरूने तीस वर्षांचं युद्ध, सिलेसिया या प्रांतासाठी झालेली युद्धं आणि साथींत मेलेल्यांची उथळ पुरलेली हाडं गोळा केली, धुतली आणि चॅपलच्या भिंती आणि छत त्यांनी मढवलं. वर सुमारे तीन हजार कवट्या आहेत, खालच्या तळघरात वीस हजारांहून जास्त माणसांचे अवशेष. जागा खोलीएवढी लहान आहे, गट आत घेतात आणि दार लावून माहिती ऐकवतात. दहा-पंधरा मिनिटंच, पण मध्येच उठून जाणं अवघड. आत फोटो काढू देत नाहीत. तो स्मशानाचा भाग आहे, तिथले लोक हळू आवाजात बोलतात, आपणही तसंच वागावं. ब्वेंदने स्कावीच्या दिवशीच करा, कुदोवा तिथून जवळ आहे. आईला नको वाटलं तर कुदोव्याच्या बागेत बसायला उत्तम सावली आहे.