खड्यात खडा बसवायचा तर कुंदन

जेडच्या (कोरीवकामाचा एक चिवट, बहुधा हिरवट दगड) पदकात बारीक माणकं कशी बसवायची, असा प्रश्न इथे विचारलाय, आणि दोघांनी 'भोक पाडून सरळ चिकटवा' असं सुचवलंय. माझं मत: नुसत्या गोंदावर विसंबू नका. घाम, साबण, ऊन लागून तो हळूहळू पिवळा पडतो, सुटतो. माणकामागे ओल शिरली की तेज गेलंच.

मुघल काळातले जडिये, म्हणजे खडे जडवणारे कारागीर, जेडवर हेच काम डाख (धातूचा सांधा) न लावता करत; हीच कुंदनाची रीत. जेडमध्ये खाच कोरायची, ती तोंडाशी अरुंद आणि आत किंचित रुंद. मग खड्याखाली चमकी पत्रा, वर खडा, आणि कडेने 24 कॅरेट सोन्याचा पातळ वर्ख पोलादी सळईने दाबत, दाबत भरायचा. शुद्ध सोनं थंड असतानाच दाबाने एकजीव होतं आणि खाचेत अडकून बसतं. आच लागत नाही, म्हणून खालचा खडा तडकत नाही. हिणाच्या सोन्याने हे साधत नाही. असं काम हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात डोळे भरून पाहता येतं.

मुघल कामातल्या नेफ्राइट जातीच्या जेडची कठिणता मोहस् मापावर (1 ते 10) 6 ते 6.5 एवढीच, पण धाग्यांची वीण घट्ट असल्याने ते कोरणं सोसतं. पाचू त्याहून कठीण, तरी आतल्या चिरांमुळे त्यात खाच पाडू नका.

पुण्याच्या रविवार पेठेत चौकशी करताना हिऱ्यांचं सेटिंग करणाऱ्याऐवजी कुंदनाचा जडाव करणारा गाठा. कोरताना हिऱ्याची बर (हिऱ्याचे कण बसवलेलं कोरायचं बारीक टोक) आणि सतत पाणी वापरतो का, हे आधी विचारा.