मदत हवी आहे: शीघ्रपतन – मेडिकलमधून आणलेली गोळी घ्यावी की आधी तपासणी करावी?

सुरत_शहादा:
वय ३१, लग्नाला चार वर्षं. नोकरी सुरतला, घर शहादा तालुक्यात, महिन्या-दीड महिन्यानं दोन दिवस घरी. आधी अडचण नव्हती. वर्षभरापासून प्रवेशानंतर मिनिट-दीड मिनिटात वीर्यपतन होतं. मेडिकलवाल्यानं चिठ्ठी न मागता गोळी दिली. पाकिटावर सिल्डेनाफिल ५० आणि डॅपॉक्सेटीन ३० असं छापलंय. अजून घेतलेली नाही. स्टँडजवळ तंबूत औषधं विकणारा तंबूवाला म्हणतो, हस्तमैथुनानं नस कमजोर झाली. गोळी घ्यावी का? हे होतं कशानं? आणि दाखवायचं कुणाला?

तापीकाठ:
तुमच्या प्रश्नातलं कामाचं वाक्य 'आधी अडचण नव्हती' हे आहे. पहिल्या संबंधापासून जवळपास दर वेळी मिनिटभराच्या आत पतन होत असेल तर तो जन्मजात प्रकार. त्यात सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाच्या कामाचा भाग मोठा असतो. तुमचं मागाहून सुरू झालंय, म्हणजे कारण शोधावं लागेल. नेहमी सापडणारी कारणं: ताठरता कमी होणं, प्रोस्टेट या मूत्राशयाखालच्या ग्रंथीची सूज (लघवीला जळजळ, वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या भागात दुखणं), थायरॉईडचं काम वाढणं (वजन घटतं, छाती धडधडते, हात थरथरतात), ताण, नवराबायकोतली कुरबूर.

वेळेबद्दलही डोकं साफ ठेवा. २००५ मध्ये पाच देशांतल्या जोडप्यांनी स्टॉपवॉच लावून केलेल्या नोंदींत मधला आकडा ५.४ मिनिटं आला होता. अर्धा तास फक्त जाहिरातीत चालतो. व्याख्येत मिनिटांइतकंच महत्त्व आणखी दोन गोष्टींना आहे: थांबवता न येणं आणि त्यानं दोघांना होणारा त्रास.

केळीचा_घड:
अंतराचंही बघा. महिनाभरानं संबंध आला की पतन लवकर होऊ शकतं, तेवढ्यानं तो आजार ठरत नाही. त्यातून एकत्र कुटुंबाचं घर, पलीकडच्या खोलीत आई-वडील, उन्हाळ्यात सगळे गच्चीवर, म्हणजे उरकून घ्यायची सवय शरीराला लागते. दोन दिवसांच्या मुक्कामात पहिल्या वेळेवरून काही ठरवू नका. काही तासांनी दुसऱ्यांदा संबंध आला तर वेळ सहसा वाढतो, पतन आणि ताठरता दोन्ही उशिरा येतात.

अहिरानी_भो:
घाबरानं काम नही भो. हस्तमैथुनानं नसबिस काही कमजोर होत नाही. तंबूवाल्याचं दुकान त्या एका वाक्यावर चालतं. तो विकतो असल्या पुड्यांमध्ये सिल्डेनाफिल किंवा स्टिरॉइड कुटून घातलेलं आढळतं, भस्मांत शिसं आणि पारा. 'ताकद' वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करायलाच १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, तरी भिंती रंगलेल्या असतातच.

गोळी_पाणी:
त्या पाकिटात दोन वेगवेगळी औषधं आहेत. सिल्डेनाफिल ताठरतेसाठी, डॅपॉक्सेटीन पतन लांबवण्यासाठी. ताठरता ठीक असेल तर पहिल्याचं काम नाही. छातीत दुखण्यासाठी नायट्रेट (सॉर्बिट्रेट वगैरे) चालू असलेल्यानं सिल्डेनाफिलला हातच लावू नये, रक्तदाब धोकादायक खाली जातो.

डॅपॉक्सेटीनची सुरुवात ३० मिलिग्रॅमनं. संबंधाच्या १ ते ३ तास आधी, पूर्ण ग्लासभर पाण्यासोबत, २४ तासांत एकदाच. मळमळ, डोकेदुखी, चक्कर येते, काहींना उभं राहताना भोवळ येऊन पडायला होतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे दिवसभर उन्हात घाम गाळून, पाणी न पिता रात्री ही गोळी घेतली तर हा धोका वाढतो. दारूसोबत नकोच. नैराश्याची औषधं चालू असतील किंवा हृदयाचा, यकृताचा आजार असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये. पॅरॉक्सेटीन, सर्ट्रालीन या नैराश्याच्या गोळ्या पतन लांबवायलाही देतात, पण त्या रोज घ्यायच्या असतात. पूर्ण परिणामाला दोन-तीन आठवडे लागतात आणि त्या अचानक बंद करायच्या नसतात. ट्रामाडॉल हे वेदनाशामक कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा, त्याची सवय लागते. २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्यात आहे.

लावायचं औषध त्यामानानं सोपं. लिडोकेन-प्रिलोकेन या बधिर करणाऱ्या क्रीमचा पातळ थर लिंगाच्या पुढच्या भागाला २०-३० मिनिटं आधी लावून कंडोम चढवायचा, संबंधाआधी कंडोम काढून क्रीम पूर्ण धुवायचं. न धुतलं तर पत्नीलाही बधिरता येते. जास्त लावलं किंवा जास्त वेळ ठेवलं तर ताठरता जाते, आणि लोक म्हणतात औषधानं उलटंच झालं.

सुरत_शहादा:
धन्यवाद. एक लिहायचं राहिलं. मध्येच ढिलं पडेल अशी भीती असते, म्हणून घाई होते. हल्ली सकाळचा ताठरपणाही कमी वाटतो.

तापीकाठ:
मग गाडी इथूनच सुरू करायची. ताठरता टिकणार नाही या भीतीनं माणूस वेग वाढवतो आणि पतन लवकर होतं. अशा वेळी आधी ताठरतेवर उपचार केले की वेळ बरेचदा आपोआप सुधारतो. म्हणजे सिल्डेनाफिल तुम्हाला लागूही शकतं, पण तपासणीनंतर, आणि ही जोडगोळी नव्हे. रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, टीएसएच (थायरॉईडची तपासणी), सकाळी टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक), जळजळ असेल तर लघवीची तपासणी. वीर्याची तपासणी मूल होण्याच्या प्रश्नासाठी असते, इथे तिचा उपयोग नाही. तंबाखू-बिडी असेल तर तीही डॉक्टरांना सांगा. वयाच्या तिशीत ताठरता घटणं ही कधीकधी साखरेची किंवा रक्तवाहिन्यांच्या त्रासाची पहिली खूण असते.

केळीचा_घड:
तपासण्या होईपर्यंत थांबा-सुरू हा सराव करता येईल. १९५६ साली सीमन्स यांनी मांडलेली पद्धत आहे. उत्तेजना ० ते १० अशी मोजायची आणि ७ ला थांबायचं. बहुतेक जण ९ ला थांबतात, तिथून मागे फिरता येत नाही, म्हणून 'जमत नाही' म्हणतात. तीनदा थांबायचं, चौथ्यांदा सोडायचं. आधी एकट्यानं कोरड्या हातानं, मग तेल किंवा जेल लावून, मग पत्नीच्या हातानं, शेवटी पत्नी वर असताना आत हालचाल न करता. श्वास रोखू नका, मांड्या आणि ढुंगण आवळू नका, त्यानंच पतन ओढून येतं. कंडोम असेल तर तेल चालत नाही, रबर फाटतं, पाण्याचं जेल घ्या.

सोबत ओटीपोटाखालचे स्नायू: वारा अडवताना आवळतो ते. ५ सेकंद आवळायचे, ५ सेकंद पूर्ण सैल, दहा वेळा, दिवसातून तीनदा. सुरतच्या खोलीवर बसूनही होतं. पोट ताठ होत असेल तर चुकतंय. फरक दिसायला तीनेक महिने धरा. वृषण आणि गुदद्वार यांच्या मध्ये दुखत असेल तर मात्र आवळणं थांबवून डॉक्टरांना विचारा.

गोळी_पाणी:
नंदुरबार, धुळे, जळगाव, तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. केसपेपर काढून मेडिसिनच्या ओपीडीत जा, ते लागेल तसं मूत्ररोग किंवा मानसोपचार विभागाकडे पाठवतील. आत गेल्यावर 'कमजोरी' म्हणू नका, त्यावर टॉनिक लिहून मिळतं. 'ताठरता टिकत नाही, मिनिट-दीड मिनिटात पतन होतं, वर्षापासून' एवढं वाक्य सांगा. ते गोळीचं पाकीटही खिशात ठेवा, दाखवायला.