मदत हवी आहे: मंडळाच्या संकेतस्थळावरची सभासद नोंदणी आणि गुगलवर दिसणारे फोन नंबर

वाटाड्या

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या एका गिर्यारोहण मंडळाच्या संकेतस्थळासाठी मदत हवी आहे. सभासद ६४०, त्यात १८ वर्षांखालचे ५५ च्या आसपास. वर्डप्रेस (संकेतस्थळ चालवणारी प्रणाली), शेअर्ड होस्टिंग (अनेक संकेतस्थळांचा सामायिक सर्व्हर) आणि सभासदत्वाचे एक मोफत प्लगिन (वर्डप्रेसला जोडायचा प्रोग्राम) एवढाच संसार आहे.

१) सभासद सूचीची पीडीएफ (नाव, पत्ता, मोबाइल, रक्तगट) 'फक्त सभासदांसाठी' या पानावर लावली आहे. लॉगिन केल्याशिवाय ते पान उघडत नाही. तरीही एका सभासदाने स्वतःचा मोबाइल नंबर गुगलवर टाकला तर पूर्ण सूचीच समोर आली.

२) रोज ३०-४० खोट्या नोंदण्या येतात. नोंदणीच्या पानावर कॅप्चा (माणूस की यंत्र हे तपासणारी चाचणी) लावला, फरक शून्य.

३) खऱ्या सभासदांना पासवर्डची मेल पोचत नाही. पोचली तर लिंकची मुदत संपलेली असते. साठीच्या पुढच्यांना याचा सर्वात जास्त त्रास.

४) कार्यकारिणीतल्या ज्येष्ठांचे म्हणणे असे, की छापील सूची वर्षानुवर्षे घरोघरी जात होती, ट्रेकला गाड्या ठरवायला नंबर लागतात, मग आता लपवायचे कशाला? त्यांना पटेल असे उत्तर हवे आहे.

दरमहा नवा खर्च झेपणार नाही.

कन्सोल

आधी पहिला मुद्दा, आणि तो आजच करा. बाकी सगळे आठवडाभर थांबले तरी चालेल.

कुलूप पानाला आहे, फाइलला नाही. वर्डप्रेस चढवलेली प्रत्येक फाइल 'अपलोड्स' फोल्डरमध्ये वर्ष आणि महिन्याच्या उपफोल्डरात ठेवते. त्या पत्त्यावर कोणी आले की वेब सर्व्हर फाइल थेट देऊन टाकतो. मधे वर्डप्रेस चालतच नाही, त्यामुळे लॉगिन आहे की नाही हे विचारणारे कोणी नसते. खात्री करायची तर पीडीएफचा पत्ता कॉपी करून ब्राउझरच्या इनकॉग्निटो (लॉगिन नसलेल्या) खिडकीत टाका. उघडली, तर जगालाही उघडते.

आता क्रम पाळा. पीडीएफ मीडिया लायब्ररीतून 'कायमची हटवा' करून काढा. पानावरची नुसती लिंक काढू नका आणि एफटीपीने (सर्व्हरवरच्या फाइल्स थेट हाताळण्याच्या मार्गाने) फाइल पुसू नका. कारण असे: वर्डप्रेस ४.७ पासून, सर्व्हरवर इमॅजिक (चित्रे बनवणारे सॉफ्टवेअर) असेल तर, पीडीएफच्या पहिल्या पानाचे जेपीजी चित्र आपोआप बनते, तेही तीन-चार आकारांत. एफटीपीने पीडीएफ गेली तरी ही चित्रे मागे राहतात. मीडिया लायब्ररीतून काढले की तीही जातात. त्यानंतर कॅशे (साठवून ठेवलेल्या प्रती) रिकामा करा. क्लाउडफ्लेअरसारखी, संकेतस्थळाच्या प्रती स्वतःकडून देणारी सेवा पुढे लावली असेल तर तिथलाही.

मग गुगल सर्च कन्सोलमध्ये (संकेतस्थळाच्या मालकांसाठीचे गुगलचे साधन) 'रिमूव्हल्स' इथे त्या फाइलचा पत्ता देऊन विनंती टाका. तो पत्ता साधारण सहा महिने निकालांतून लपतो. तोवर सर्व्हरने ४०४ (सापडले नाही) किंवा ४१० (कायमचे काढले) असे उत्तर दिले पाहिजे, म्हणजे तो यादीतून कायमचा जाईल. रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये (शोधयंत्रांनी कुठे जाऊ नये हे सांगणारी फाइल) पीडीएफचा पत्ता लिहिण्याचा सल्ला बरेच जण देतात. तो घेऊ नका. एक तर ती यादी कोणालाही वाचता येते, आणि गुगललाच अडवले तर फाइल गेली हे त्याला कळणार कसे?

आणखी एक तपासा. सभासदांचे लॉगिननाव म्हणून मोबाइल नंबर दिला आहे का? वर्डप्रेसमध्ये दर्शनी नाव वेगळे भरले नाही तर लॉगिननावच दिसते. लेखकाच्या पानाचा पत्ताही लॉगिननावावरूनच बनतो. एखाद्याने ट्रेकवृत्तांत लिहून प्रकाशित केला की त्याचा नंबर सरळ पत्त्याच्या ओळीत. लॉगिननाव सभासद क्रमांकावरून ठेवा, उदाहरणार्थ 'गड०४१२', आणि दर्शनी नाव प्रत्येकाचे भरून घ्या.

पावतीपुस्तक

दुसऱ्या मुद्द्यावर. मंडळाच्या संकेतस्थळावर खुली नोंदणी हवीच कशाला? सभासदत्व फॉर्म आणि वर्गणीच्या पावतीने मिळते. खाते हे त्याच्या मागून यायला हवे, पुढून नाही. खोट्या नोंदण्या गाळत बसण्यापेक्षा दारच बंद करा.

सेटिंग्ज, जनरल, तिथे 'कोणीही नोंदणी करू शकते' याची खूण काढा. नव्या वापरकर्त्याची भूमिका 'सबस्क्रायबर' (सर्वात कमी अधिकारांची) आहे ना, तेही बघा. कॅप्चाचा फरक पडला नाही याचे कारण बहुधा हे, की तो प्लगिनच्या फॉर्मवर आहे आणि वर्डप्रेसचे मूळ नोंदणीचे पान शेजारी उघडेच आहे. बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) तुमच्या सुंदर फॉर्मकडे येत नाहीत. मूळ पानाचा पत्ता सगळ्या वर्डप्रेसवर सारखाच असतो, ते तिथेच धडकतात.

यापुढे खजिनदाराने पावती फाडली की त्या आठवड्याच्या नावांची सीएसव्ही (साधी तक्त्याची फाइल) करायची: सभासद क्रमांक, नाव, ईमेल. एवढे तीनच रकाने. पत्ता, जन्मतारीख, आधार यांतले काहीही संकेतस्थळावर चढवू नका. आधारची झेरॉक्स फॉर्मला जोडून घेत असाल तर तेही थांबवा, ट्रेकला तिचा काडीचा उपयोग नाही.

कन्सोल

मेलबद्दल राहिले होते. शेअर्ड होस्टिंगवरून वर्डप्रेस जी मेल पाठवते ती बऱ्याचदा सहीविना जाते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेल खरोखर त्याच डोमेनची आहे याचे पुरावे) मागते. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये मंडळाच्या डोमेनचा एक ईमेल खोका काढा, एसएमटीपीचे (खोक्यात लॉगिन करून मेल पाठवणारे) मोफत प्लगिन लावून मेल त्यातूनच जाऊ द्या, आणि डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) एसपीएफ व डीकेआयएम दोन्ही नोंदी घाला. पाठवणाऱ्याच्या जागी मंडळाचा जीमेल पत्ता टाकू नका. सर्व्हर एक आणि पत्ता दुसऱ्याचा, अशी मेल थेट स्पॅममध्ये जाते.

मुदत संपलेल्या लिंकचे गणित सोपे आहे. वर्डप्रेसची पासवर्ड लिंक २४ तास चालते. शुक्रवारी रात्री ६४० जणांना एकदम पाठवल्या, तर अर्धे सिंहगडावर, आणि बाकीच्यांनी मेल उघडली रविवारी संध्याकाळी. शिवाय होस्टिंगची ताशी मर्यादा आड येते आणि शेवटचे दोनशे तिथेच अडकतात. रोज ५०-६० च्या तुकड्या करा, सोमवार ते गुरुवार, सकाळी दहाच्या सुमारास. आदल्या दिवशी साधी पूर्वसूचना द्या: 'उद्या मेल येईल, उद्याच उघडा.' ज्यांना मेल जमतच नाही त्यांच्यासाठी मासिक बैठकीत एक टेबल, एक लॅपटॉप. तिथल्या तिथे, पण पासवर्ड त्यांनी स्वतः टाइप करायचा.

कलम_सहा

चौथ्या मुद्द्याचे कायद्याच्या बाजूने. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ सालचा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या नियमांनंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत, म्हणजे तयारीला वेळ आहे. कागदी फॉर्म भरून घेऊन नंतर एक्सेलमध्ये चढवला तरी ती माहिती या कायद्याखाली येते, त्यामुळे 'आमचे सगळे कागदावर' हे उत्तर चालणार नाही.

तुमच्या कामाच्या गोष्टी चार. संमती स्पष्ट आणि ठरावीक कामापुरती हवी, आधीच खूण करून ठेवलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती लागते. आणि सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायची सोय हवी. मराठी त्यात आहेच, म्हणून मराठीतूनच द्या.

ज्येष्ठांना मात्र कायदा दाखवू नका, फरक दाखवा. छापील सूचीतून माणूस एका वेळी एक नंबर शोधतो. पीडीएफमधून छोटासा प्रोग्राम ६४० नंबर, पत्ते आणि रक्तगट काही सेकंदांत काढतो, आणि 'मंडळातून बोलतोय, वार्षिक वर्गणी राहिली आहे' असा फोन करणाऱ्याला आयती यादी मिळते. त्यांची गाड्यांची गरज खरी आहे. ती भागवण्याचा दुसरा रस्ता त्यांच्यापुढे ठेवलात तर ते नक्की ऐकतील.

पावतीपुस्तक

तो रस्ता असा: गाड्या ट्रेकगणिक ठरतात, मंडळागणिक नाही. राजगडाला २४ जण असतील तर त्या २४ जणांनाच एकमेकांचे नंबर, तेही नोंदणी करताना 'सहप्रवाशांना नंबर दिसू द्या' अशी खूण केली असेल तरच. पत्त्याऐवजी फक्त भाग: कोथरूड, सहकारनगर, औंध. गाडी कुठून भरायची हे तेवढ्यावर ठरते, फ्लॅट नंबर लागत नाही. ट्रेक झाला की मंगळवारी यादी काढून टाकायची.

नोंदणी गुगल फॉर्मवर घेत असाल तर 'निकालांचा सारांश दाखवा' बंद आहे का बघा. तो चालू राहिला तर फॉर्म भरणाऱ्याला इतरांची उत्तरे दिसतात. शीटही 'लिंक असलेला कोणीही' वर ठेवू नका.

रक्तगट, दमा, औषधांची ॲलर्जी, घरच्यांचा नंबर हे संकेतस्थळावर नकोच. मोहीमप्रमुखाकडे बंद पाकिटात एक छापील कागद द्या. गडावर रेंज मिळेलच असे नाही, तेव्हा कागदच कामाला येतो. परत आल्यावर फाडायचा.

वाटाड्या

सर्वांचे मनापासून आभार. पीडीएफ काढली, इनकॉग्निटोत ४०४ येते आहे. कन्सोल, तुम्ही म्हणालात तसे पहिल्या पानाचे जेपीजी खरोखरच होते, ३८ जणांची नावे आणि नंबर वाचता येतील इतके स्पष्ट. तेही गेले.

दोन प्रश्न उरले. मंडळ सोडलेल्यांचे काय करायचे? आणि जुन्या सभासदांनी संमतीला उत्तरच दिले नाही तर?

कन्सोल

सोडून गेलेल्यांसाठी वर्डप्रेसमध्ये टूल्सखाली 'वैयक्तिक माहिती पुसा' आहे, २०१८ च्या ४.९.६ पासून. पण त्याने खाते जात नाही. ते वापरकर्त्यांच्या यादीतून वेगळे काढावे लागते. काढताना त्यांचे लेखन कोणाच्या नावे करायचे असे विचारले जाते, तिथे घाईत 'सगळे हटवा' दाबले तर त्यांचे ट्रेकवृत्तांतही जातील. बॅकअपमध्ये माहिती उरते, म्हणून ३० दिवसांपेक्षा जुने बॅकअप ठेवू नका. जुन्या सूचीची पीडीएफही त्यांत आहे, हे लक्षात असू द्या.

कलम_सहा

उत्तर आले नाही म्हणजे संमती नाही. नंबर लपलेलाच ठेवा, खाते चालू राहू द्या. वार्षिक सभेला सहीच्या टेबलावर हा मजकूर छापून ठेवला तर बरेचसे तिथेच मार्गी लागतील:

'माझा मोबाइल नंबर, मी ज्या ट्रेकला नाव नोंदवीन त्या ट्रेकच्या सहप्रवाशांना दाखवावा: हो / नाही. ही संमती मी सभासदपानावरून किंवा मंडळाला ईमेल करून केव्हाही मागे घेऊ शकतो/शकते. नाही म्हटल्याने ट्रेकला येण्यात अडचण येणार नाही.'

शेवटचे वाक्य गाळू नका. खाली तारीख आणि सभासद क्रमांक. १८ वर्षांखालच्यांचा कागद वेगळ्या रंगाचा करा, त्यावर पालकांची सही, आणि ती पालक समोर असतानाच घ्या.