अर्धशिशी: पुण्यातील औषध-चाचणीत नाव द्यावे का? (सोलापूर, दरमहा २,००० रुपयांच्या आत)

शिक्षिका_होटगी_रोड
नमस्कार. माझे वय ३९ असून मी सोलापुरात एका माध्यमिक शाळेत शिकवते. गेली अकरा वर्षे मला अर्धशिशीचा त्रास आहे. डाव्या भुवईच्या वर ठणका सुरू होतो, उजेड आणि आवाज सोसवत नाही, उलट्या होतात आणि दुसऱ्या दिवशीही डोके जड राहते. पूर्वी महिन्यातून तीन वेळा दुखत असे, आता नऊ-दहा दिवस त्यातच जातात. घराच्या तळमजल्यावर आमचेच टॉवेलचे चार यंत्रमाग आहेत, त्यामुळे दुखण्याच्या दिवशी मला बहिणीकडे जाऊन अंधाऱ्या खोलीत पडून राहावे लागते. ठणका लागला की मी एर्गोटामाइन, कॅफीन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी घेते. लहानपणापासून मला दमा आहे, हेही नोंदवून ठेवते.

पुण्यातील एका रुग्णालयात अर्धशिशी रोखण्यासाठी रोज घ्यायच्या गोळीची चाचणी सुरू आहे. पहिले चार आठवडे फक्त नोंदवही ठेवायची, पुढचे बारा आठवडे निम्म्या लोकांना औषध आणि निम्म्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी, आणि त्यानंतर काही महिने सर्वांना खरे औषध, अशी तिची रचना आहे. प्रवासखर्च ते देतात. यजमान आणि सासूबाई दोघांचाही विरोध आहे. माझी बारा वर्षांची मुलगीही आता महिन्यातून एक-दोनदा डोके धरून बसते, म्हणून हा प्रश्न माझ्यापुरता राहिलेला नाही.

कृपया दोन गोष्टी सांगाव्यात. औषध आणि तपासणी धरून दरमहा २,००० रुपयांत बसणारा, स्वतः अनुभवलेला उपाय कोणता? आणि आपल्यापैकी कोणी अशा चाचणीत भाग घेतला आहे का?

नवी_पेठ_व्यापारी
ताई, चाचणीत वेळ घालवू नका. मी दीड वर्षापासून दरमहा एरेनुमॅबचे इंजेक्शन पोटावर घेतो आणि माझे दुखण्याचे दिवस बारावरून चारवर आले आहेत. माझ्या डॉक्टरांनी मला चित्र काढून समजावले होते. मेंदूच्या आवरणाजवळच्या नसांतून सीजीआरपी नावाचे प्रथिन सुटते, रक्तवाहिन्या फुगतात आणि वेदनेचा संदेश पुढे जातो. हे इंजेक्शन त्या प्रथिनाला बसायची जागाच अडवून धरते. अमेरिकेत त्याला २०१८ साली मान्यता मिळाली आणि ज्या चार शास्त्रज्ञांनी हा मार्ग उलगडला, त्या एडविन्सन, गॉड्सबी, मॉस्कोविट्झ आणि ओलेसेन यांना २०२१ साली ब्रेन प्राइझ हा मोठा सन्मान मिळाला. खर्च आपण लिहिलेल्या रकमेच्या कितीतरी पुढे जातो हे खरे आहे, परंतु डोके दुखत असताना दुकानात बसून माझे जे नुकसान होत होते, ते मी त्याहून मोठे मानतो.

निवृत्त_अभियंता_जुळे_सोलापूर
आपण सर्वप्रथम नाकाची आणि डोळ्यांची तपासणी करून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. भुवईच्या वर दुखते याचा अर्थ सायनस. मी स्वतः नाकाची शस्त्रक्रिया करून घेतली आणि आठ महिने एकदाही डोके दुखले नाही. त्यानंतर पुन्हा सुरू झाले हे खरे, पण तोवर माझ्या चष्म्याचा नंबरही बदललेला होता. सोलापूरच्या उन्हात आणि धुळीत सायनस नसलेला माणूस मला तरी आढळलेला नाही.

औषध_दुकान_अशोक_चौक
मी गेली बावीस वर्षे औषधांच्या दुकानात आहे, म्हणून दोन गोष्टी स्पष्टपणे लिहितो.

पहिली गोष्ट सायनसची. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आपल्याला सायनसची डोकेदुखी आहे असे सांगणाऱ्या जवळपास ३,००० लोकांना तपासले गेले आणि त्यांतील ८८ टक्के लोकांची लक्षणे अर्धशिशीच्या प्रकारची निघाली. अर्धशिशीतही नाक चोंदते, डोळ्यांतून पाणी येते आणि कपाळ दाटून येते, त्यामुळे ही गल्लत होते. उलटी आणि उजेडाचा त्रास हे बाईंनी स्वतःच लिहिले आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ताई, ती एकत्रित गोळी आपण महिन्यातून किती दिवस घेता? एर्गोटामाइनची किंवा अशी मिश्र गोळी महिन्यात दहा किंवा अधिक दिवस, सलग तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर ती गोळीच डोकेदुखी वाढवू लागते. साध्या वेदनाशामकासाठी हीच मर्यादा पंधरा दिवसांची आहे. माझ्या दुकानात चिठ्ठी नसताना ती गोळी मागणारे लोक रोज येतात, आणि मी नाही म्हटले की शेजारच्या दुकानात जातात. आपण किती दिवस घेता ते मोजून येथे लिहावे, कारण त्या उत्तराशिवाय पुढचा कोणताही सल्ला अपुरा आहे.

चादर_कारखाना_अक्कलकोट_रोड
मला प्रोप्रॅनोलॉलने पूर्ण गुण आला. महिन्याचा खर्च अगदी किरकोळ आहे आणि औषध जुने व पारखलेले आहे. छातीत दुखते म्हणून हे औषध घेणाऱ्या रुग्णांची अर्धशिशी कमी झाल्याचे १९६६ साली योगायोगाने लक्षात आले, त्यानंतर त्यावर रीतसर चाचण्या झाल्या. बाईंनी उद्याच सुरू करावे. नवी पेठेतील मित्रांसारखे पैसे आम्हा कारखानदारांकडे नाहीत.

औषध_दुकान_अशोक_चौक
कृपया मूळ प्रश्न पुन्हा वाचावा. त्यांना दमा आहे. प्रोप्रॅनोलॉल श्वासनलिका आवळते आणि दम्याच्या रुग्णाला ते देत नाहीत. आपल्याला गुण आला याचा आनंदच आहे, परंतु एकाचे औषध दुसऱ्याने "उद्याच" सुरू करण्याचा सल्ला कोणीही देऊ नये. त्याच खर्चाच्या मर्यादेत, दम्यालाही चालेल असे कँडेसार्टन किंवा कमी मात्रेतील अमिट्रिप्टिलिन याविषयी त्यांनी मेंदूविकारतज्ज्ञांना विचारावे, असे मी सुचवेन. कँडेसार्टनवर नॉर्वेत झालेल्या ६० रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले असून ते चांगले आहेत. अर्धशिशी रोखण्यासाठी दिल्या जाणाऱ्या टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट या औषधांमुळे गर्भातील बाळाला अपाय होऊ शकतो, म्हणून मूल होण्याची शक्यता असलेल्या स्त्रीने ती औषधे घेण्यापूर्वी हे डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे.

आयुर्वेदनिष्ठ
आपल्या शास्त्रात याला अर्धावभेदक म्हटले आहे आणि नस्य, म्हणजे नाकात औषध सोडणे, हा त्यावरचा मुख्य उपचार सांगितला आहे. माझ्या सौभाग्यवतीला केरळमध्ये एकवीस दिवस ठेवले होते. खर्च बराच आला, परंतु तीन महिने एकदाही दुखले नाही. सोबत योगासने आणि प्राणायाम करावा.

चाचणीत_होतो
योगासनांबाबत आयुर्वेदनिष्ठ यांच्याशी मी सहमत आहे, आणि त्याला आधारही आहे. दिल्लीच्या एम्समध्ये झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ११४ रुग्णांच्या नोंदी अखेरीस तपासल्या गेल्या. औषधाबरोबर योग करणाऱ्यांचे दुखणे महिन्याला सरासरी ९.१ वरून ४.७ वेळांवर आले, नुसते औषध घेणाऱ्यांचे ७.७ वरून ६.८ वर. आपण योग करतो आहोत हे रुग्णापासून लपवता येत नाही, ही या चाचणीची मर्यादा आहे, तरीही बाईंच्या रकमेत बसणारा हा उपाय आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. मी स्वतः काही वर्षांपूर्वी हैदराबादला अर्धशिशीच्या एका चाचणीत भाग घेतला होता. माझे दुखण्याचे दिवस महिन्याला अकरा होते, ते तीन महिन्यांत सहावर आले. घरी सर्वांना मी सांगत सुटलो की औषध जादूसारखे लागू पडले. चाचणी संपून गट उघड झाले तेव्हा कळले की त्या तीन महिन्यांत मला औषध नसलेलेच इंजेक्शन मिळत होते. त्या दिवशी मला फार वाईट वाटले होते, पण आज मी त्या अनुभवाला मोलाचा मानतो, कारण अर्धशिशी स्वतःच चढते-उतरते हे मला त्यातून उमगले. माणूस उपाय शोधायला बाहेर पडतो तो दुखणे शिगेला पोहोचल्यावर, आणि शिगेवरून ते बहुधा उतरतेच. त्या उतारावर हातात जे काही असेल, चष्मा, नस्य, शस्त्रक्रिया किंवा गोळी, त्याला आपण श्रेय देऊन टाकतो. वरच्या प्रत्येक अनुभवाबद्दल मला आदर आहे, परंतु त्यांतील कोणता उपायाचा आणि कोणता उताराचा, हे एकट्या माणसाला कळण्याचा मार्ग नाही. तेवढ्यासाठीच दुसरा गट लागतो.

नवी_पेठ_व्यापारी
म्हणजे माझे इंजेक्शनही भ्रम आहे, असे आपल्याला म्हणायचे आहे काय?

चाचणीत_होतो
अजिबात नाही. एरेनुमॅबची ९५५ रुग्णांवरील चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. दुखण्याचे दिवस निम्मे किंवा त्याहून कमी झालेले रुग्ण १४० मिलिग्रॅमच्या गटात ५० टक्के होते, ७० मिलिग्रॅमच्या गटात ४३.३ टक्के, आणि औषध नसलेल्या गटात २६.६ टक्के. औषधाचे काम त्या फरकात दिसते आणि ते खरे आहे. मात्र निम्म्या रुग्णांना तेवढा गुण आला नाही आणि चौथ्या हिश्शाहून थोड्या अधिक लोकांना औषधाशिवाय आला, हेही त्याच तक्त्यात आहे. आपण पहिल्या निम्म्यात आहात, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

पूर्व_भाग_रहिवासी
मी चाचणीच्या पूर्ण विरोधात आहे. माझ्या चुलतभावाची सही एका शहरातील एका रुग्णालयात इंग्रजी कागदावर घेतली गेली, त्याला त्यातील एक अक्षर कळले नव्हते, आणि पुढे पित्त उसळून तो आठ दिवस आजारी पडला तेव्हा फोन उचलायलाही कोणी नव्हते. गरिबाच्या शरीरावर प्रयोग करायचे आणि औषध श्रीमंताने विकत घ्यायचे, हा न्याय नव्हे. बाई, आपण दोन मुलांची आई असाल, घरचे नको म्हणत आहेत, ऐका.

चाचणीत_होतो
आपल्या भावाच्या बाबतीत जे घडले ते चूकच होते, आणि आजच्या नियमांनुसार ते बेकायदेशीरही ठरते. २०१९ च्या नियमावलीनुसार संमतिपत्र रुग्णाला समजणाऱ्या भाषेत असावे लागते, चाचणीमुळे अपाय झाल्यास उपचार मोफत करावे लागतात आणि भरपाई द्यावी लागते. २००९ पासून प्रत्येक चाचणीची नोंद सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत करणे बंधनकारक आहे. बाईंनी तो नोंदणी क्रमांक मागून घ्यावा आणि संकेतस्थळावर स्वतः पडताळावा. मराठी संमतिपत्र घरी आणून दोन रात्री वाचावे, नीतिसमितीचा दूरध्वनी क्रमांक त्यावर आहे का ते पाहावे, आणि तीव्र ठणका आल्यास चाचणीच्या काळात कोणते औषध घेण्याची मुभा आहे हे लेखी विचारावे. केव्हाही, कारण न देता, बाहेर पडता येते. यांपैकी एका प्रश्नाचेही उत्तर टाळले गेले तर परत यावे.

चादर_कारखाना_अक्कलकोट_रोड
दम्याचा उल्लेख माझ्या नजरेतून सुटला, त्याबद्दल क्षमस्व. मुलीसाठी मात्र अमिट्रिप्टिलिन आताच सुरू करावे. माझ्या भाच्याला त्याने पंधरा दिवसांत फरक पडला.

औषध_दुकान_अशोक_चौक
आठ ते सतरा वर्षांच्या ३६१ मुलांवर अमेरिकेत नेमका हाच प्रश्न तपासला गेला आणि निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. दुखण्याचे दिवस निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटलेली मुले अमिट्रिप्टिलिनच्या गटात ५२ टक्के, टोपिरामेटच्या गटात ५५ टक्के आणि औषध नसलेल्या गटात ६१ टक्के होती. औषधाचा काही लाभ दिसत नाही म्हणून ती चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. मुलीचे दुखणे महिन्यातून एक-दोनदाच आहे. तिची झोप, वेळेवर जेवण, पुरेसे पाणी आणि शाळेच्या उन्हातील कवायत याकडे आधी लक्ष द्यावे आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. अचानक वीज कोसळल्यासारखे दुखले, ताप येऊन मान ताठली, हातापायातील जोर गेला किंवा बोलणे अडखळले, तर मात्र मोठ्यांनी असो वा लहानांनी, त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

निवृत्त_अभियंता_जुळे_सोलापूर
मुलीच्या चष्म्याचा नंबर तपासावा, एवढे तरी सर्वांना मान्य व्हावे.

शिक्षिका_होटगी_रोड
तीन आठवड्यांनी लिहीत आहे, त्याबद्दल क्षमा असावी. अशोक चौकातील दादांनी सांगितल्यावर मी शाळेच्या जुन्या दैनंदिनीत रोज नोंद ठेवू लागले. एकवीस दिवसांत ती गोळी मी बारा दिवस घेतली होती. मला ती पाच-सहा दिवसांची वाटत होती. येथील मेंदूविकारतज्ज्ञांना भेटले, त्यांनी ती गोळी थांबवली आणि कँडेसार्टन लिहून दिले. ते महिन्याला माझ्या रकमेच्या आत सहज बसते. घरच्यांचा, तज्ज्ञांचा आणि येथील बहुतेकांचा सल्ला असा की तेच सुरू करावे आणि चाचणी विसरावी.

तरीही मी पुण्याला जायचे ठरवले आहे. कँडेसार्टनची चिठ्ठी मी डॉक्टरांना सांगूनच बाजूला ठेवली आहे. चाचणीत घेतले नाही तर त्याच दिवशी सुरू करीन. नोंदणी क्रमांक पडताळला, संमतिपत्र मराठीत आहे आणि ते मी यजमानांना मोठ्याने वाचून दाखवले. गोळ्यांच्या अतिवापराबद्दल तेथील समन्वयकांना खरे ते सांगितले, तेव्हा दैनंदिनी घेऊन या, पात्रता तपासणीत ठरवू, असे त्या म्हणाल्या.

मुलांच्या त्या चाचणीबद्दल वाचले त्या रात्री मी बराच वेळ जागी होते. त्या ३६१ मुलांच्या आईवडिलांनी संमती दिली, म्हणून माझ्या मुलीला आज एक निरुपयोगी गोळी रोज खावी लागणार नाही. मला बारा आठवडे नुसती पिठाची गोळी मिळाली तरी चालेल. बारा आठवडे मी यापूर्वी फुकटच घालवलेले आहेत. मंगळवारी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने निघते आहे.

पूर्व_भाग_रहिवासी
माझा विरोध कायम आहे. पण जाणारच असाल तर उपाशी निघू नका, रिकाम्या पोटी तुमचे डोके उठेल. कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोबत ठेवा, पाण्याची बाटली भरून घ्या, आणि संमतिपत्राची सही केलेली प्रत हातात पडल्याशिवाय तेथून उठू नका. माझ्या भावाला ती मिळाली नव्हती.