चिपळूण ते आंबोली, वाटेत कुठे थांबावं?

प्रश्न: चौघं मित्र, एक जुनी वॅगनार. शनिवारी पहाटे चिपळूणहून निघून रात्री आंबोलीत मुक्काम. वाटेत धबधबे बघायचेत. सवतसडा धबधबा आमच्या दारातलाच, तो नको. मार्लेश्वरचा धबधबा करावा का? एकाला पोहता येत नाही आणि नेमका तोच सगळ्यांत आधी पाण्यात उतरतो.

कणकवलीकर: मार्लेश्वर सुंदरच, पण देवरुखला आत वळलात की अर्धा दिवस गेला. त्यापेक्षा कणकवलीजवळचा सावडाव धबधबा बघा. आणि त्या मित्राला सांगून ठेवा, इथे ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस झाला की लोंढा येतो. पाणी गढूळ दिसलं की मुकाट बाहेर.

सावंतवाडीची: आंबोलीचा मोठा धबधबा घाटरस्त्यालाच आहे, रविवारी तिथे जत्रा भरते. सकाळी लवकर उरका, मग हिरण्यकेशीला जा, गुहेतून नदी निघते. धुक्यात हेडलाइट डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावरच ठेवा, अपर मारलात की समोर नुसतं पांढरं. काचेला आतून वाफ धरली तर एसी लावा.

प्रश्नकर्ता: सावडाव ठरलं. ताई, एसी मात्र कधीचाच गेलाय. फडकं घेऊन एकाला पुढे बसवतो, न पोहणाऱ्यालाच.