उत्तर: रीयुनियनची काटेरी वेल आणि सुमात्राची माशी

"परदेशातून कीटक आणून तण मारणं म्हणजे रोगापेक्षा औषध भयंकर" हे परक्या तणांवरच्या या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, ते सरसकट पटत नाही. तोडा-जाळा पंथालाही माझा फारसा भरवसा नाही; आमच्या टेकडीवर घाणेरी दोन वर्षं कोयत्याने तोडली, पहिल्या पावसात प्रत्येक खुंटाला पाच-पाच फुटवे.

हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटाचं उदाहरण इथे यायला हवं होतं. आग्नेय आशियातली एक काटेरी रानबेरी (रुबस अल्सिफोलियस) एकोणिसाव्या शतकात तिथे पोचली आणि जंगलात जिथे ऊन उतरेल तिथे तिच्या जाळ्या माजल्या. स्थानिक लोक तिला 'व्हीन मारॉन' म्हणतात. 'मारॉन' म्हणजे पळून रानात गेलेला, मळ्यांतून निसटलेल्या गुलामांसाठीचाच शब्द. बरीच वर्षं चाचण्या करून 2008 मध्ये या वेलीला आवरायला सुमात्रातली एक करवतमाशी (सॉफ्लाय, गांधीलमाशीच्या गणातला कीटक) सोडली. तिच्या अळ्या घोळक्याने पानावर बसतात आणि शिरांचा सांगाडा तेवढा ठेवतात. सखल भागातल्या जाळ्या खरंच वाळल्या.

पण मधपाळ भडकले, आमच्या मधमाश्या या माशीमुळेच कमी झाल्या म्हणून. तसा पुरावा काही मिळाला नाही. शिवाय हजारेक मीटरच्या वर थंडीत माशीचं फारसं चालत नाही, आणि खाली मोकळ्या झालेल्या जागेत काही ठिकाणी दुसरी परकी झुडपं घुसली. म्हणजे माशीने तिचं काम केलं, पुढची स्थानिक झाडांची लागवड माणसांनाच करायची होती.