ऑनलाइन नाव आपलं की भाड्याचं?

खारूताई_२: २०२३ च्या जुलैत ट्विटरचं 'एक्स' झालं. तिथे 'एक्स' हे एका अक्षराचं हँडल (खात्याचं @ लावून लिहायचं नाव) कित्येक वर्षांपासून एका छायाचित्रकाराकडे होतं. कंपनीने ते काढून घेतलं. पैसे दिले नाहीत, फक्त कंपनीच्या छापाच्या वस्तू आणि ऑफिसची सैर देऊ केली. कंपनीला नवं नाव हवं झालं आणि माणसाचं जुनं गेलं! नेटवर आपण सगळे बिऱ्हाडकरू आहोत, असं माझं स्पष्ट मत. तुम्हाला काय वाटतं?

बोरूबहाद्दर: असहमत. हँडल म्हणजे नाव नव्हे, लॉकरचा नंबर. खातं उघडताना अटी मान्य केल्या होत्या ना? आणि कंपन्याही काही मालक नाहीत. एक्स झाल्यावरही निम्मे लोक ट्विटरच म्हणतात. गॅप या कपड्यांच्या कंपनीने २०१० मध्ये लोगो बदलला, तर लोकांनी एवढी टर उडवली की आठवड्याभरात जुना परत आणावा लागला. ओळख लोकांच्या तोंडी असते. तुमचीही, त्यांचीही.

खारूताई_२: लॉकरचा नंबर? माझं ईमेल खातं एकदा अचानक बंद झालं. मी मीच आहे हे सिद्ध करायला कोड टाका म्हणाले. कोड कुठे पाठवला? त्याच बंद खात्यावर! बँक, वीजबिल, सगळं त्या एका पत्त्याला टांगलेलं. अटी वाचल्या होत्या का, तर नाही. तुम्ही वाचता?

निनावी_पण_ठाम: मला उलट भीती वाटते, खरं नाव सक्तीचं होण्याची. गूगल प्लस या गूगलच्या तेव्हाच्या समाजमाध्यमाने २०११ मध्ये ती सक्ती केली, २०१४ मध्ये मागे घेतली. टोपणनाव म्हणजे खोटं नाव नव्हे. इथे मला ओळखणाऱ्यांना माझं कागदोपत्री नाव सांगितलं तर 'हा कोण?' म्हणतील.

बोरूबहाद्दर: @निनावी, मग तोतयांचं काय? नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्विटरने खातं खरं असल्याची निळी खूण महिना ८ डॉलरला विकायला काढली. लगेच कुणीतरी एली लिली या औषध कंपनीच्या नावाने खातं काढून 'इन्सुलिन आता फुकट' असं जाहीर केलं. माफी खऱ्या कंपनीला मागावी लागली. पडताळणी हवीच.

खारूताई_२: अहो, ही तर माझ्याच बाजूची साक्ष झाली! आधी शिक्का पडताळणीचा होता, मग पैसे भरल्याचा झाला. ठरवलं कुणी? शिक्केवाल्याने.

चष्मिष्ट: मला वेगळीच गंमत दिसते. कंपन्यांची खाती माणसांसारखे विनोद मारतात, रुसतात, एकमेकींना टोमणे देतात. आणि माणसं? 'माझा ब्रँड' सांभाळत बसलीयेत. एक ओळखीचे गृहस्थ वाढदिवसाच्या शुभेच्छांनाही 'संपर्कात राहू' असं उत्तर देतात.

आणखी एक. फेसबुक कंपनी २०२१ मध्ये मेटा झाली, एका दिवसात नवी पाटी. माणसाला जुनं काही मागे टाकायचं तर अर्ज करावा लागतो. २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयाने नावाच्या शोधातून जुने दुवे हटवण्याची मागणी करायचा हक्क दिला, पण मजकूर मूळ जागी राहू शकतोच.

बोरूबहाद्दर: पाटी बदलून मेटाचे जुने खटले मिटले का? हा मुद्दा काही पटला नाही. माणसांच्या ब्रँडबद्दल मात्र +१.

खारूताई, त्या ईमेलचं पुढे काय झालं?

खारूताई_२: नाही मिळालं. इथलं जुनं खातंही त्यावरच होतं. नावातला २ तिथूनच आला.